काशीकाकांचं घुंगरू

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि वाचून झाले की नवऱ्याला म्हणते, "घे, अजून एकाला रात्रीची बिर्याणी पचली नाही." त्यामुळे आज मी स्वतःच लिहायला बसलेय म्हटल्यावर तो सकाळपासून दात काढतोय. काढू दे. जे झालं ते मला एकदा नीट लिहून ठेवायचंय. तोंडी सांगायला गेलं की लोक मध्येच आपापल्या मावशीची गोष्ट सुरू करतात.

आधी माझ्याविषयी, म्हणजे मी भोळी नाही हे कळेल. आम्ही बौद्ध. आमच्या घरात नवस नाही, अंगात येणं नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. लहानपणी मी एकदा शाळेतून पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट ऐकून आले आणि जेवेना. बाबांनी मला हाताला धरून त्याच पिंपळाखाली नेलं आणि आम्ही दोघांनी तिथे बसून भेळ खाल्ली. "बघितलास मुंजा? नाही ना? मग चल आता, आई वाट बघतेय." विषय संपला, तो कायमचा.

दुसरं म्हणजे माझं काम. घाटकोपरच्या एका कानाच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं लोकांचे कान तपासते. काचेच्या छोट्या खोलीत माणसाला बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, बारीक-मोठे आवाज सोडायचे, ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. त्यावरून कागदावर आलेख येतो. 'मला सगळं ऐकू येतं' म्हणणारे शंभर जण येतात, पण कागद खोटं बोलत नाही. कोणाला काय ऐकू येतं आणि काय येऊच शकत नाही, एवढी एक गोष्ट मला पक्की कळते. बाकी मला स्वयंपाकसुद्धा धड येत नाही.

आता जागा. पवईच्या तलावाच्या मागच्या अंगाला, टॉवरकडे पाठ केली की झाडीत, गळाने मासे पकडणाऱ्या हौशी लोकांचा एक जुना क्लब आहे. नाव लिहीत नाही, नाहीतर रविवारी तुम्ही सगळे तिथे सेल्फी काढायला जाल. क्लब म्हटल्यावर डोळ्यांसमोर काही भलतं आणू नका... दोन खोल्यांचं सिमेंटच्या पत्र्याचं घर, चार खाटा, एक स्टोव्ह, भिंतीवर लोकांचे माशांबरोबरचे फोटो, आणि संडासाला बाहेरून कडी, कारण आतली तुटलीये. मेंबर लोक तिथे राहूही शकतात. पाण्यात बांबू रोवून फळ्यांच्या बैठका केल्यात, त्यांना मचाण म्हणतात. मगरी आहेत, पण त्या सहसा समोरच्या बेटावर ऊन खात पडलेल्या असतात. सगळं सांभाळतात सावंतमामा. मालवणचे, पासष्टीचे, चहा उत्तम करतात आणि मासे पकडणाऱ्यांना वेडे समजतात.

माझे बाबा त्या वेड्यांमधले. विक्रोळीच्या कारखान्यात फिटर होते, तिथेच त्यांना काशीकाका भेटले. काशीकाका खारदांड्याचे कोळी. समुद्राच्या काठी जन्मलेला माणूस पवईला येऊन गळ टाकतो म्हणून कारखान्यात त्यांची फार खेचायचे. ते म्हणायचे, "तिकडं पोटासाठी मासे धरतात रं. मी हितं मजेसाठी धरतो." तीस-पस्तीस वर्षं दोघं दर रविवारी तिथे. वर क्लबचा नियम असा, की मासा पकडायचा, वजन करायचं आणि परत पाण्यात सोडायचा. माझी आई आजही म्हणते, "एवढी वर्षं गेला, पण घरात माशाचं शेपूटसुद्धा आलं नाही."

तिथली एक पद्धत मात्र सांगायलाच हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. गळाच्या काठीच्या टोकाला घुंगरू बांधतात. मासा ओढायला लागला की ते वाजतं. प्रत्येकाचं घुंगरू वेगळं, आणि जुन्या लोकांना आवाजावरून कोणाची काठी ते कळतं. काशीकाकांनी मुलीच्या नाचाच्या चाळातली दोन बांधली होती, त्यातलं एक फुटकं, त्यामुळे ते छिन-छिण्ण, छिन-छिण्ण असं वाजायचं. आणि पाणी प्यायला, चहा करायला, कुठेही जायचं असलं की शेजाऱ्याला सांगायचं, "कान ठेव." शेजाऱ्याने म्हणायचं, "ठेवला." एकदा ठेवला म्हटलं की तुमची काठी त्याच्या जिवावर. त्यानंतर मासा सुटला तर दोष त्याचा, आणि महिनाभर सगळ्यांचा चहा त्याने करायचा.

तीन वर्षांपूर्वी बाबा अचानक तिथे जायचे बंद झाले. काशीकाकांशी काहीतरी बिनसलं एवढंच आम्हाला कळलं. दोन-अडीच महिन्यांनी काशीकाका झोपेतच गेले. बाबा मयताला जाऊन आले आणि त्यानंतर घराबाहेर पडेचनात. विक्रोळीला, कन्नमवार नगरातल्या घरात दिवसभर टीव्ही लावून बसायचे, इतका मोठा, की खालच्या मजल्यावरच्यांना बातम्या फुकट मिळायच्या. शेवटी मी त्यांना दवाखान्यात नेलं. तपासणीत ते काचेतून माझा हात बघून बटण दाबत होते — माझाच बाप! — म्हणून त्यांना पाठमोरं बसवावं लागलं.

आलेख वाईट आला. जाड आवाज बरे ऐकू येत होते, पण बारीक, किणकिणते आवाज दोन्ही कानांनी जवळजवळ गेलेले. उजवा कान जरासा बरा, एवढंच. बाबांनी कागद बराच वेळ पाहिला आणि एकच प्रश्न विचारला.

"हे किती जुनं असेल गं?"

"चार-पाच वर्षं तरी असेल, बाबा."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. कानाची यंत्रं घेतली, पण लावली नाहीत. कानात किडा बसल्यासारखं वाटतं म्हणे. ती लाल डबीत, डबी कपाटात.

गेल्या हिवाळ्यात मीच म्हटलं, बाबा, चला, दोन दिवस क्लबवर राहून येऊ. नाही म्हणतील असं वाटलं होतं, पण लगेच हो म्हणाले. मी खूश! लाल डबी पर्समध्ये टाकली, काठ्यांचं बोचकं रिक्षात कोंबलं आणि आम्ही निघालो. तिथे पोचल्यावर कळलं की बाबा मासे पकडायला आलेच नव्हते. त्यांना त्या काठ्या सावंतमामांना देऊन मेंबरशिप सोडायची होती.

"माका कित्याक?" मामा म्हणाले. "मी बाजारातसून आणतंय मासो. कापून देता तो."

बाबा हसले नाहीत. संध्याकाळी ऊन उतरताना आम्ही दोघं चार नंबरच्या मचाणावर बसलो होतो, त्यांच्या आणि काशीकाकांच्या जागेवर. काशीकाका नेहमी उजवीकडे बसायचे. काठी टेकवायला त्यांनी ठोकलेले दोन खिळे अजून तिथेच होते. बाबा त्या खिळ्यांकडे बघत म्हणाले,

"त्या दिवशी काश्या चहा करायला गेला. मला म्हणाला, कान ठेव. मी म्हटलं, ठेवला. मी इथेच होतो गं, एवढ्या अंतरावर. पलीकडच्या मचाणावरून लोक ओरडायला लागले तेव्हा मी बघितलं, तर काठी पाण्यात जात होती. मोठा मासा होता. काठी, रीळ, घुंगरू, सगळं घेऊन गेला."

"मग?"

"काश्या सगळ्यांसमोर ओरडला, बहिरा झालास का रं? आणि मी त्याला म्हटलं, वाजलंच नाही, तू खोटारडा आहेस. सगळ्यांनी ऐकलं होतं, वर्षा. मला सोडून सगळ्यांनी. मला तेव्हाच कळलं होतं. पण बोलवेना... मी त्याला खोटं पाडलं आणि तो गेला."

तेव्हा मला कळलं, त्या कागदाची घडी त्यांनी खिशात का घातली होती. मला फार वाईट वाटलं. मी इतक्या लोकांचे कान तपासले, आणि घरातला माणूस चार-पाच वर्षं एकटाच बहिरा होत गेला ते मला दिसलं नाही. मी त्यांचा हात धरून बसले. काय बोलणार? आणि बोलले असते तरी ओरडून बोलावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी दहाला निघायचं होतं. सकाळी साडेआठला लख्ख ऊन, वारा अजिबात नाही, पाणी ताटासारखं सपाट. मी बाबांना म्हटलं, "जायच्या आधी एकदा टाका तरी गळ." माझ्या समाधानासाठी त्यांनी कणकेचा गोळा लावून एक काठी टाकली. घुंगरू बांधलंच नाही. त्या सकाळी दुसरं कोणी मेंबर नव्हतं. मी आणि सावंतमामा काठावर, वीसेक पावलांवर, स्टोव्हपाशी. यंत्रांची डबी माझ्या पर्समध्ये, पर्स माझ्या खांद्याला. हे सगळं मी मुद्दाम लिहितेय.

मामा चहा गाळत असताना बाबा एकदम उभे राहिले.

"वाजलं!"

मी मचाणाकडे धावले. वाटलं, चक्कर आली. बाबा उजवीकडे तोंड करून उभे, एक हात कानामागे.

"काश्याचं! काश्याचं वाजतंय!"

"बाबा, काही वाजत नाहीये!" मी त्यांच्यासमोर जाऊन ओरडले.

"सरक गं मधून! सावंत, होडी काढ! मासा लागलाय!"

मी मागोमाग आलेल्या मामांकडे बघितलं. त्यांच्या हातात अजून गाळणी. "माका काय्येक आयकाक येवक नाय," ते हळूच म्हणाले. पण बाबांनी असा काही आवाज चढवला, कारखान्यातला, मशीनच्या वरचा, की मामांनी गाळणी ठेवली आणि मुकाट्याने होडी सोडली.

नंतरची पाच-सात मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. बाबा मचाणाच्या टोकाला उभे राहून बोट दाखवत होते. "उजवीकडे... अजून उजवीकडे... पुढे, पुढे... फार गेलास, मागे घे!" मामा होडी वळवतायत, मध्ये मध्ये माझ्याकडे बघून कपाळाला हात लावतायत. समोर जलपर्णीचा एक हिरवा मोठा पट्टा होता, रात्रीतून काठाकडे सरकलेला. होडीचं टोक त्या पट्ट्यात एका ठिकाणी घुसलं आणि बाबांनी हात खाली घेतला.

"थांबलं," ते म्हणाले.

मामांनी वल्ह्याने जलपर्णी बाजूला केली, हात घातला, ओढलं. मुळांच्या गुंत्यातून एक काळी पडलेली बांबूची काठी वर आली. रीळ गंजलेलं, दोरीचा पार गोळा झालेला. टोकाला तांब्याच्या तारेने बांधलेली दोन घुंगरं.

"गे बाय माझे," एवढंच मामा म्हणाले, आणि होडीत खाली बसले.

काठी सापडली याचं मला तितकंसं नवल नाही, हे आधीच सांगते. बांबू तरंगतो, मुळांत अडकलेला, जलपर्णी वाऱ्याबरोबर तलावभर हिंडते, तीन वर्षांनी कधीतरी इकडे आली असेल. योगायोग म्हणा, माझी ना नाही. माझा प्रश्न घुंगरांचा आहे. मामांनी ती माझ्या हातात दिली तेव्हा पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे कानाशी धरून जोरजोरात हलवली. आवाज शून्य. नीट असलेल्या घुंगरात चिखल गच्च बसून दगड झाला होता. फुटक्याची फट रुंदावून आतली गोळी केव्हाच पडून गेली होती. त्यात काही नव्हतंच. ती घुंगरं चांगल्या कानाच्या माणसाला ऐकू आली नसती, कारण ती वाजूच शकत नव्हती. आणि वाजली असती, तरी तो बारीक आवाज नेमका बाबांच्या कानांना येत नाही. त्याचा कागद माझ्याकडे आहे.

तुमच्यातले हुशार लोक म्हणतील, कान गेलेल्यांना कानात आवाज होतात. होतात. माझ्याकडे रोज असे पेशंट येतात. कोणाला शिट्टी ऐकू येते, कोणाला रातकिडे. पण तो आवाज डोक्यात असतो. तो उजवीकडे, अजून उजवीकडे, मागे घे, असं सांगत नाही.

बाबांनी काठी मांडीवर घेतली आणि चिखल पुसत बसले. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडावर हसू. कितीतरी दिवसांनी पाहिलं ते हसू.

"ठेवला होता ना मी कान," ते म्हणाले. "उशीर झाला, एवढंच."

या गोंधळात बाबांच्या स्वतःच्या काठीवरची कणीक कोणीतरी सुबक खाऊन गेलं होतं. तिच्यावर कोणीच कान ठेवला नव्हता.

घरी परतताना रिक्षा विक्रोळीला वळलीच नाही. बाबा म्हणाले, आधी खारदांडा. काशीकाकू ओट्यावर बोंबील निवडत बसल्या होत्या. बाबांनी काठी त्यांच्यापुढे ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ऐकू येत नव्हतं, खोटं बोललो, काश्याला खोटं पाडलं, माफ करा. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मी पर्समधून यंत्रं काढून बाबांच्या कानात बसवली, आणि पहिल्यांदाच त्यांनी माझा हात झटकला नाही.

"त्यांना ठावं होतं," काकू म्हणाल्या.

"काय?"

"तुला ऐकू येत नाय ते. लय आधीपासून ठावं होतं. म्हणून तर ते तुझ्या उजव्या अंगाला बसायचे. म्हणायचे, त्या कानानं जरा बरं ऐकतो."

उजवा कान जरासा बरा, हे मला मशीन लावून कळलं होतं.

"मग त्याने मला कान ठेव का म्हणावं?" बाबा म्हणाले. "दुसऱ्याला सांगायचं ना!"

"दुसऱ्याला सांगितलं असतं तर तुला काय वाटलं असतं?" काकू बोंबलाचं डोकं मोडत म्हणाल्या. "त्या दिवशी रागात बोलून गेले. मग मला म्हणाले, फोन करायला तोंड नाय. तू पण केला नाय, त्यांनी पण केला नाय. दोन म्हातारे, दोघं पण येडे. आता ही काठी हितून ने बाबा, घरात उभं राहायला जागा नाय."

येताना काकूंनी बोंबील बांधून दिले. पस्तीस वर्षांनी का होईना, बाबा क्लबवरून मासे घेऊन घरी आले. आईने ते पाहिले आणि म्हणाली, "सुके?"

नंतर मी माझ्या परीने सगळं तपासलं. घुंगरं न धुता दवाखान्यातल्या काचेच्या खोलीत नेली, आवाज मोजायच्या मीटरसमोर हलवली. काटा हलला नाही. आमच्या डॉक्टरबाईंनी स्वतः हलवून बघितली. बाबांची परत तपासणी केली, पाठमोरं बसवून. आलेख होता तसाच, उलट किंचित खालीच. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे तू कुठे लिहू नकोस, आपल्याकडे पेशंट यायचे बंद होतील." लिहिलं.

काठ्या कोणालाच दिल्या नाहीत. बाबा आता दर रविवारी क्लबवर जातात, आणि यंत्रं लावून जातात. मी विचारलं, आता किडा चावत नाही का? तर म्हणाले, "ठेवला म्हणायचं तर कान पाहिजे ना जागेवर. लोकांच्या काठ्या असतात." महिनाभर सगळ्यांचा चहाही त्यांनीच केला, तीन वर्षं राहिलेला. सावंतमामा म्हणतात, त्या महिन्यात दोन मेंबर कमी झाले.

परवाच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर होते. काशीकाकांची काठी पुसून, तेल लावून बाबांनी त्या दोन खिळ्यांवर ठेवलीये. घुंगरं तीच, मुकी. मी म्हटलं, नवीन बांधा की. नको म्हणाले. थोड्या वेळाने चहाची वेळ झाली तसे बाबा उठले. कानातली दोन्ही यंत्रं काढली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"काढताय कशाला?"

मला हाताने थांबवून ते उजवीकडे वळले. "काश्या, कान ठेव."

'ठेवला' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते थांबले. मग मान हलवली, यंत्रं परत कानात घातली आणि निवांत चहाला निघाले.

माझे दोन्ही कान उत्तम आहेत. दर वर्षी तपासते. मला काहीच ऐकू आलं नाही.